मिडवाइफ निवडायची तर ती कशाला नाही म्हणते, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोळावा आठवडा, पहिलं गरोदरपण, राहायला पुण्यात, माहेर कोल्हापूरचं. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, पण बाहेर दोन तास बसल्यावर आत पाच मिनिटं मिळतात. बहीण नेदरलँड्सला असते, तिचं बाळंतपण मिडवाइफनेच, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत बाईनेच केलं आणि ती अजून त्या बाईचं नाव काढते. नवऱ्याने इन्स्टाग्रामवर एक ‘नैसर्गिक प्रसूती’वाली ताई शोधली आहे. आणि सासूबाई म्हणाल्या, ‘आम्ही सुईणीच्या हातून सुटलो, तुम्ही पैसे देऊन परत तिकडेच चाललात?’ मिडवाइफ घ्यावी का, आणि घ्यायची तर पारखायची कशी, हे तुम्हाला हवंय.

घ्या. तुमच्या फाईलचे फोटो पाहिले. बाळ एकच आहे, बीपी ठीक आहे, रक्तगट पॉझिटिव्ह आहे, हिमोग्लोबिन १०.४ म्हणजे थोडं कमी आहे. मिडवाइफच्या हाताखाली छान पार पडावं असंच हे गरोदरपण आज तरी दिसतंय. पण डॉक्टरबाईंना सोडून नव्हे. त्या राहू द्या, त्यांच्या जोडीला मिडवाइफ घ्या. आणि या दोघी एकमेकींशी बोलतात की नाही, यावर तुमची अर्धी निवड ठरेल.

पहिल्या भेटीत बहुतेकजणी विचारतात, ‘तुम्ही किती बाळंतपणं केलीत?’ आकडा ऐकून समाधान होतं, कळत काही नाही. तुम्ही उलटं विचारा: कोणत्या बाईचं बाळंतपण तुम्ही घेत नाही? चांगल्या मिडवाइफला यावर विचार करावा लागत नाही. जुळं असेल तर नाही. बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर नाही. आधीचं सिझर असेल, वार खाली असेल, बीपी वाढलं असेल, साखरेसाठी इन्सुलिन चालू असेल, हृदयाचा आजार असेल, सदतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या असतील, तर नाही. तिने ही यादी घडाघडा म्हणायला हवी, कारण तिच्या रोजच्या कामाचा तो पाया आहे. ‘आम्ही सगळ्यांचंच करतो, शरीरावर विश्वास हवा’ असं उत्तर आलं, तर चहा संपवा आणि निघा.

दुसरा प्रश्न: माझ्यात यातलं काही निघालं, तर कोणाकडे पाठवाल? डॉक्टरांचं नाव, हॉस्पिटलचं नाव, तिथे रात्री भूलतज्ज्ञ असतात का, रक्त कुठून येतं, हे तिला माहीत हवं. ‘जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलला जाऊ’ हे उत्तर नव्हे. मध्यरात्री ओळख ना पाळख अशा पेशंटला अर्धवट कळांमध्ये दारात उभं केलं, की ड्युटीवरचा डॉक्टर वैतागतो, फाईल कोणी वाचत नाही आणि पहिला अर्धा तास वादात जातो. असे अर्धे तास मी नर्स म्हणून लेबर रूमच्या आतल्या बाजूने पाहिलेत. त्यात हाल बाईचेच होतात.

तिसरा प्रश्न विचारायला जरा धीर लागतो: गेल्या वर्षी तुमच्याकडच्या किती बायकांना मध्येच हॉस्पिटलला हलवावं लागलं? ‘एकीलाही नाही’ असं ती अभिमानाने म्हणाली, तर मला धडकी भरेल. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास झाला, ‘बर्थप्लेस’ नावाचा, २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात सुमारे ४५ जणींना कळा चालू असताना किंवा बाळ झाल्या झाल्या हॉस्पिटलला हलवावं लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांमध्ये हेच प्रमाण बाराच्या आसपास होतं. हलवण्याची कारणं बहुतेक वेळा जीवघेणी नव्हती: कळा लांबल्या, गर्भपिशवीचं तोंड पुढे उघडेना, वेदना सहन होईनात. तिथल्या कसलेल्या, सरकारी यंत्रणेत रुळलेल्या मिडवाइफनाही निम्म्याच्या जवळपास पहिलटकरणी हलवाव्या लागतात. मग पुण्यात एकीलाही हलवावं लागलं नसेल, तर एकतर ती बाळंतपणं मोजकीच करते, किंवा हलवायला हवं तेव्हा हलवत नाही.

त्याच अभ्यासातून घरच्या बाळंतपणाचंही उत्तर मिळतं, कारण तुमच्या नवऱ्याचा कल तिकडे दिसतोय. पहिलटकरणींनी घर निवडलं तेव्हा बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू अशा घटना हजारी ९.३ होत्या, हॉस्पिटलच्या प्रसूतिविभागात ५.३. मिडवाइफ चालवत असलेल्या केंद्रांमध्ये मात्र पहिलटकरणींच्या बाबतीतही असा फरक आढळला नाही. दुसऱ्या खेपेच्या बायकांना घरीही तो आढळला नाही. आणि हे इंग्लंडमधलं, जिथे मिडवाइफचा फोन गेला की हॉस्पिटलमध्ये तयारी सुरू होते. संध्याकाळी सातला सिंहगड रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या पुलाखाली १०८ ची गाडी किती वेळ अडकते, ते तुम्ही रोज बघता. पहिल्या खेपेला घर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉस्पिटलच्या आवारातलं किंवा त्याला लागून असलेलं मिडवाइफ केंद्र मिळालं तर उत्तम. नाही तर मिडवाइफला लेबर रूममध्ये खऱ्या अर्थाने काम करू देणारं हॉस्पिटल शोधा.

सरकारनेही हाच साचा घेतलाय. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधीच नर्स असलेल्या, लेबर रूमचा अनुभव असलेल्या बायकांना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ करायचं आणि त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांतच प्रसूतिकक्षाशेजारी मिडवाइफ चालवतील असे विभाग उघडायचे, अशी ती योजना. तेलंगणाने त्याआधी, २०१७ पासूनच, हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या मदतीने सरकारी रुग्णालयांसाठी अशा मिडवाइफ तयार करायला घेतल्या होत्या. आपल्याकडे हे काम अजून हळू चाललंय, त्यामुळे पुण्यात आज तुम्हाला भेटतील त्या बहुतेक खाजगी हॉस्पिटलांशी जोडलेल्या नर्स-मिडवाइफ, काही स्वतंत्र, आणि बऱ्याच अशा, ज्या मिडवाइफ नाहीतच.

हा शेवटचा गट नीट ओळखा. डूला ही सोबतीण असते. ती पाठ दाबून देते, श्वास सांभाळायला मदत करते, नवऱ्याला धीर देते. हे काम मोलाचं आहे, मी स्वतः चांगल्या डूलांसोबत खुशीने काम केलंय. पण तिने बाळाचे ठोके ऐकून निर्णय घ्यायचा नाही, आतून तपासायचं नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. गर्भसंस्काराचे वर्ग घेणाऱ्या, प्रसूतिपूर्व व्यायाम शिकवणाऱ्या, स्तनपानाच्या सल्लागार यांचंही तेच. यातली एखादी अचानक ‘मी डिलिव्हरीही करते’ म्हणाली, तर तिथेच विषय संपवा. (गर्भसंस्काराबद्दल विचारलं होतंत. गाणी ऐका, मन शांत राहील. पण पंचवीस हजारांच्या पॅकेजमध्ये रक्त तपासणी नसेल, तर ते पैसे रक्त तपासणीला ठेवा.)

खरी मिडवाइफ कागदावर ओळखता येते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या बाईची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही होते, म्हणून नावापुढे आरएन, आरएम लिहितात. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि तिचं नूतनीकरण करावं लागतं. क्रमांक मागा, चालू आहे का बघा. मागायला लाजू नका, माझ्याकडे कोणी मागितला की मला बरंच वाटतं. एएनएम (सहायक नर्स-मिडवाइफ) सिस्टरांचीही नोंदणी असते, उपकेंद्रांत लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत त्या सांभाळतात, पण तुम्हाला शहरात ज्या सेवेची अपेक्षा आहे ती वेगळी आहे. परदेशातल्या एखाद्या संस्थेचं किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर असू दे, इथल्या परिषदेच्या नोंदणीची जागा ते घेत नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. त्याने पुढे चित्र सुधारेल अशी आशा आहे. तुमचं बाळ मात्र त्याची वाट बघणार नाही.

नोंदणी ही उंबरठ्यापर्यंतची गोष्ट झाली. नोंदणी असलेल्या हजारो जणींनी गेल्या कित्येक वर्षांत एकही बाळंतपण केलेलं नसतं, कारण त्या आयसीयूत किंवा ओपीडीत काम करतात. म्हणून पुढचं बघा.

तुमची फाईल तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. ती कुठे थांबते ते पाहा. हिमोग्लोबिन १०.४ वर तिची नजर अडायला हवी. गरोदरपणात अकराच्या खाली म्हणजे ॲनिमिया. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना तो असतो, म्हणून तो ‘चालायचंच’ म्हणून सोडून देण्याची सवय सगळ्यांनाच लागलीय. जाणती मिडवाइफ विचारेल: लोहाची गोळी कधी घेता? चहासोबत? कॅल्शियमसोबत? गोळीने पोट धरतं म्हणून दोन दिवसाआड घेता का? शौचाचा रंग बदलला का? शेवटच्या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर गोळी डब्यातच पडून आहे हे तिला कळेल. ती रागावणार नाही, वेळ बदलून देईल आणि महिन्याने पुन्हा तपासायला लावेल. कारण बाळंतपणात रक्त सगळ्यांचंच जातं, पण ज्या बाईचा साठाच कमी त्या बाईला तेवढंच रक्त जास्त महागात पडतं.

साखरेचंही तसंच. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासतात, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत ही तपासणी झाली असली तरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा करायची असते. ही दुसरी तपासणी विसरली जाते. तुमची मिडवाइफ ती तारीख आत्ताच डायरीत लिहिते का, बघा. आणि ‘सोनोग्राफी कशाला, किरणं असतात’, ‘लोहाच्या गोळ्या केमिकल असतात’, ‘धनुर्वाताचं इंजेक्शन नको’ असं बोलणारी असेल, तर ती गोड बोलते म्हणून भुलू नका. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, क्ष-किरण नसतात. अठरा ते वीस आठवड्यांची तुमची सोनोग्राफी तोंडावर आलीय, ती चुकवू नका. वार कुठे आहे हे त्यातच कळायला लागतं.

आता तिची पिशवी. हॉस्पिटलमध्ये काम करणारी असेल तर लेबर रूमची ट्रॉली. बाळाचे ठोके ऐकायला डॉप्लर आहे का आणि ती तो किती वेळाने लावते? कळा जोमात आल्यावर निदान दर अर्ध्या तासाने, आणि जोर लावायला सुरुवात झाली की दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात. मिनिटाला ११० ते १६० हा ठोक्यांचा नेहमीचा पट्टा. ‘मी बाईच्या चेहऱ्यावरून ओळखते’ हे मी खरंच ऐकलंय. चेहऱ्यावरून बाई कळेल, आतलं बाळ नाही.

ऑक्सिटोसिन कुठे ठेवता, हे जरूर विचारा. बाळ बाहेर आल्याबरोबर मांडीत दहा युनिटचं एक इंजेक्शन देतात, त्याने गर्भपिशवी आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. हे औषध दोन ते आठ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत फिरलेलं ऑक्सिटोसिन टोचलं तर टोचल्याचं समाधान मिळतं, गर्भपिशवी आवळेलच असं नाही. थंड डबा दाखवा म्हणा. त्यासोबत रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन लावायचं साहित्य, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट, टाके घालायचं सामान, आणि बाळाला श्वास द्यायचा पिशवी-मास्क. बाळ रडलं नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याला मास्कने श्वास द्यायला सुरुवात करावी लागते. शेवटचा सराव कधी केलात, हे विचारा. मी आणि माझ्या सहकारी बाहुलीवर हा सराव अजूनही करतो, कारण ज्या गोष्टीची गरज क्वचित पडते ती हात विसरतो.

आणि रक्त कसं मोजता? पाचशे मिलिलिटरहून जास्त गेलं तर तो जास्तीचा रक्तस्राव. नजरेने अंदाज घेतला की आम्ही सगळ्याच कमी धरतो. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतला एक अभ्यास आला, ‘ई-मोटिव्ह’. बाळ झाल्यावर बाईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची झोळी लावायची, त्यात जमलेलं रक्त वाचायचं आणि खूण ओलांडली की मालिश, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव ओळखले गेले होते, झोळीने नव्वद टक्क्यांहून जास्त ओळखले गेले, आणि गंभीर परिणाम सुमारे साठ टक्क्यांनी कमी झाले. ज्या मिडवाइफला हे माहीत आहे ती वाचत राहणारी आहे. झोळी वापरत असेल तर मग बोलायलाच नको.

‘मिडवाइफ घेतली तर सिझर टळेल ना?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या तळाशी तेच आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खाजगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४ टक्के. भीती वाटणं साहजिक आहे. पण मिडवाइफ म्हणजे नॉर्मलची हमी नव्हे, आणि ‘शंभर टक्के नॉर्मल’ लिहिलेलं पोस्टर दिसलं की दुसरीकडे जा. गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत त्याच मिडवाइफने सांभाळलेल्या बायकांवरचे १७ अभ्यास, साडेअठरा हजारांच्या वर बायका, असा एक आढावा २०२४ मध्ये अद्ययावत झाला. त्यात आपसूक प्रसूती शंभरात ६६ वरून ७० झाली आणि सिझर १६ वरून १५ वर आलं. फरक खरा आहे, पण एवढाच आहे. शिवाय हे अभ्यास बहुतांशी श्रीमंत देशांतले, जिथे मुळातच सिझर कमी होती. ठळक फरक कुठे दिसतो, तर बायकांच्या अनुभवात. माझ्याशी नीट बोललं गेलं, मला विचारून केलं गेलं, असं सांगणाऱ्या बायका या पद्धतीत जास्त असतात.

म्हणून काही प्रश्न मिडवाइफला आणि डॉक्टरबाईंना दोघींनाही विचारा आणि उत्तरं जुळतात का बघा. कळांमध्ये मला चालू-फिरू द्याल का? पाणी, सरबत, पेज घेऊ द्याल? आडवं पडूनच जोर लावायचा का, की कुशीवर, उकिडवं, गुडघ्यांवर चालेल? खालचा छेद सगळ्यांनाच देता का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय की सरसकट छेद देऊ नये, पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, एनिमा आणि केस काढणं यांचीही गरज नाही. त्याच मार्गदर्शनात कळा जोमात आल्या असं पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर धरतात. तासाला एक सेंटिमीटर झालंच पाहिजे या जुन्या हिशेबावर बायकांना घाई करू नका, असंही त्यात म्हटलंय. पहिलटकरणीला तीन सेंटिमीटरवर भरती करून सकाळपासून कळांची सलाईन लावली, की संध्याकाळी ‘प्रगती नाही’ म्हणून सिझर होण्याची वाट मोकळी होते. चांगली मिडवाइफ तुम्हाला तीन सेंटिमीटरवर घरी पाठवते, किंवा आवारात फिरवत ठेवते. तिच्या असण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो.

कळांमध्ये सोबत कोण असेल, हेही आत्ताच ठरवा. सरकारी रुग्णालयांत नात्यातली एक बाई सोबत ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मान्यता दिलीय. खाजगीत प्रत्येकाचे नियम वेगळे. काही ठिकाणी नवऱ्याला आत घेतात पण आईला नाही, काही ठिकाणी दोघांपैकी एकच, काही ठिकाणी मिडवाइफला ‘नातेवाईक’ म्हणून बसवतात आणि तपासू देत नाहीत. हा शेवटचा प्रकार सर्रास आहे. तुम्ही मिडवाइफची फी भरता आणि ती लेबर रूममध्ये हात बांधून उभी असते. तिला या हॉस्पिटलमध्ये काम करायची परवानगी आहे का, ठोके ती ऐकणार की तिथली सिस्टर, बाळ कोणाच्या हातात येणार, हे डॉक्टरबाईंसमोर बसून बोलून घ्या. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली तर ती सोळाव्या आठवड्यात दिसलेली बरी.

मग माहेर. नर्स म्हणून मला या प्रथेबद्दल प्रेमही आहे आणि वैतागही. डोहाळजेवण आटोपून पोरगी सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे जाते. बाळंतपण नव्या गावात, नव्या डॉक्टरकडे होतं, आणि सहा महिने जिने तुम्हाला ओळखलं ती पुण्यात राहते. ‘एकच मिडवाइफ शेवटपर्यंत’ हा सगळा फायदा त्या एका प्रवासात विरून जातो. तीन वाटा आहेत. आईला पुण्याला बोलवा, महिना-दीड महिना राहायला. मला हीच सगळ्यात सोपी वाटते, डिंकाचे लाडू पुण्यातही वळता येतात. किंवा कोल्हापूरलाच जायचं ठरलं असेल तर मिडवाइफ कोल्हापूरची शोधा, नोंदणी विसाव्या आठवड्याच्या आसपासच करा आणि मधल्या काळात निदान एकदा जाऊन भेटा. किंवा पुण्याच्या मिडवाइफकडून फक्त गरोदरपणातली तयारी करून घ्या, सगळे कागद घेऊन बत्तिसाव्या आठवड्याच्या आत जा. काहीच न ठरवता छत्तिसाव्या आठवड्यात जाड पोटाने घाट उतरायचा, ही चौथी वाट मात्र नको.

एकटीच काम करणारी मिडवाइफ असेल तर आणखी एक विचारा. माझ्या कळा सुरू झाल्या आणि तुम्ही दुसऱ्या बाईकडे अडकलात तर? तिची जोडीदार असायला हवी आणि तुम्ही त्या जोडीदाराला आधी भेटलेल्या असायला हव्यात. महिन्याला किती बाळंतपणं घेता, हेही त्यातच येतं. छत्तीस तास जागी असलेली बाई कितीही मायाळू असो, तिच्या हातात मला माझी मुलगी द्यायची नाही.

पैशांचं लेखी घ्या. भेटींचे किती, बाळंतपणाचे किती, घरी येण्याचे किती, आणि मध्येच सिझर झालं किंवा माहेरी गेलात तर किती परत. विमा बहुधा हॉस्पिटलचं बिल बघतो, मिडवाइफची वेगळी फी त्यात बसते का ते कंपनीला आधीच विचारा. हा विषय काढल्यावर ती अवघडली, तर समजून घ्या, आपल्याकडे सगळ्याच जणी अवघडतात. चिडली, तर मात्र विचार करा.

बहिणीच्या अनुभवाची तुलना जपून करा. नेदरलँड्समध्ये मिडवाइफ हा मुख्य प्रवाह आहे, तिचं शिक्षण स्वतंत्र असतं, काही बिघडलं की ती हॉस्पिटलला सोपवते आणि ते दोन्ही बाजूंना नेहमीचं असतं. शिवाय बाळ झाल्यावर तिथे आठवडाभर एक प्रशिक्षित बाई घरी येते, बाळ-बाळंतिणीचं बघते, विमा त्याचे बहुतेक पैसे देतो. बहीण ज्या सुखाबद्दल बोलते त्यात त्या आठवड्याचा वाटा मोठा असणार. म्हणून तुमच्या मिडवाइफला बाळंतपणानंतरचं खोदून विचारा. पहिल्या चोवीस तासांत, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात तरी बाळंतिणीची तपासणी व्हायला हवी. दूध उतरण्याचे, छाती दगड होण्याचे, टाके दुखण्याचे आणि उगीच रडू येण्याचे दिवस हेच. बीपी बाळंतपणानंतरही चढू शकतं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून झोपून राहायचं नाही, हे तिने तुमच्या आईला सांगायला हवं. मालिशवाल्या बाईशी तिने भांडू नये. मालिश होऊ दे, शेकही होऊ दे. बंद खोलीत शेगडीचा धूर आणि बाळाच्या तोंडात मध, या दोन गोष्टींना तेवढी तिने ठाम नाही म्हणावं.

सासूबाईंना दुसऱ्या भेटीला सोबत न्या. पहिल्या भेटीला नको, तेव्हा तुम्हाला मोकळेपणी विचारता यायला हवं. त्यांनी ज्या सुईणीचा उल्लेख केला ती बहुधा अंगणातल्या अंधारात, हातात काही नसताना काम करत होती, आणि त्यांच्या मनात त्या काळची भीती बसलीय. त्या भीतीला हसू नका. त्यांनाच सांगा, तुम्ही विचारा हिला, रक्त जास्त गेलं तर काय करशील. मिडवाइफने त्यांना नीट, न कंटाळता उत्तर दिलं, तर दोन कामं एकदम होतील.

आता या पंधरा दिवसांत एवढं करा. सोनोग्राफीची वेळ घ्या. डॉक्टरबाईंना सरळ विचारा, ‘तुम्ही कोणत्या मिडवाइफसोबत काम करता?’ त्यांनी नाव दिलं तर पहिली भेट तिचीच घ्या. इन्स्टाग्रामवाल्या ताईंनाही भेटा, माझा आकस नाही, पण नोंदणी क्रमांक आणि वरचे तीन प्रश्न घेऊन. दोघी-तिघींना भेटल्यावर विसाव्या-बाविसाव्या आठवड्यापर्यंत ठरवून टाका. ठरवलेली बाई अठ्ठाविसाव्या आठवड्यात नकोशी वाटली तर बदलता येते, त्यात पाप नाही, फक्त फाईलची पूर्ण प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. आणि मध्येच बीपी १४०/९० च्या वर गेलं, पाणी गेलं, अंगावरून लाल जाऊ लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर निवड झालेली असो वा नसो, त्या दिवशी मिडवाइफच्या फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.